बागेचा आनंद : पाहणाऱ्याचा कीं शिंपणाऱ्याचा?

इंग्रजी निबंधवाङ्मय शिकविणाऱ्या प्राध्यापकाच्या वाट्याला बेकनचा उद्यानविषयक निबंध केव्हां ना केव्हां येतोच. आमच्याहि वाट्याला तो आला, आणि जवळजवळ तीस वर्षें आम्हीं तो विद्यार्थ्यांना मोठ्या आवडीनें शिकविला. त्यांतील वाक्यांची घडण, विचारांचा नेटकेपणा, फुलांच्या यादीलाहि लय आणण्याचें लेखकाचें कसब, ह्या सर्वांवर आम्हीं व्याख्यानें दिलीं. मात्र ह्या तीस वर्षांत घरामागच्या परसांत जाऊन एखाद्या रोपाच्या मुळाशीं तांब्याभर पाणी घातल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. तें काम आमच्या मातोश्रींचें होतें. आज त्या नाहींत, आणि झारी आमच्या हातीं आली आहे. त्यामुळें ज्या पुस्तकांना उद्यानवाङ्मय म्हणून आम्ही आजवर मान डोलावीत आलों, तीं पुन्हां एकदां, ह्या वेळीं नखांत माती असतांना, उघडण्याची पाळी आली. त्या फेरवाचनाचा हिशेब वाचकांपुढें ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रश्न साधा आहे. घरच्या बागेंत वेळ घालविण्यांत आनंद आहे असें सर्वच म्हणतात. परंतु तो आनंद नेमका कशाचा? फुलाकडे पाहण्याचा, कीं तें फूल येईपर्यंत केलेल्या खटाटोपाचा? वाङ्मयांत ज्याला आपण बागेचा आनंद म्हणतों तो बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. लेखक सावलींत बसतो, वारा येतो, सुगंध येतो, आणि लेखणी चालूं लागते. पाणी कोणी घातलें हें विचारण्याचें कारण लेखकास पडत नाहीं, आणि वाचकासहि पडत नाहीं. आम्हांलाहि तें तीस वर्षें पडलें नव्हतें.

प्रथम बेकनकडेच वळूं. हा निबंध त्याच्या निबंधसंग्रहाच्या १६२५ सालच्या, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीं निघालेल्या आवृत्तींत आहे. थोरामोठ्यांच्या बागेचा विस्तार ३० एकरांहून कमी नसावा असें बेकन सांगतो, आणि लगेच त्याची वांटणीहि करून देतो : ४ एकर प्रवेशाजवळच्या हिरवळीस, ६ एकर रानासारख्या मोकळ्या भागास, दोन्ही बाजूंस चार-चार एकर, आणि मधल्या मुख्य बागेस १२ एकर. आमचें परस अर्ध्या गुंठ्याचें आहे. एकराचे गुंठे चाळीस. तेव्हां बेकनच्या बागेंत आमच्यासारखीं २,४०० परसें सहज मावतील. अर्थात् केवळ आकारासाठीं बेकनला दोष देणें योग्य नव्हे. त्याची अभिरुचि खरोखरच उत्तम आहे. लंडनच्या हवेंत वर्षाच्या बाराहि महिन्यांत कांहींना कांहीं शोभिवंत असावें अशी त्याची योजना आहे. झाडें कातरून त्यांच्या आकृति बनविणें हा पोरखेळ आहे असें त्याचें मत आहे. साचलेलीं तळीं त्याला नकोत, कारण त्यांनीं माशा आणि बेडूक वाढतात. आणि त्याचें नाक तर विलक्षण तिखट आहे. कोणतें फूल दुरून दरवळतें, कोणतें जवळ गेल्याखेरीज आपला वास देत नाहीं, कोणती वनस्पति पायाखालीं चुरडली म्हणजेच सुगंध सोडते, ह्याचा त्यानें केलेला विचार वाचला म्हणजे ह्या राजकारणी पुरुषास निसर्गाचें वेड खरोखर होतें ह्याविषयीं शंका राहत नाहीं.

पण आतां एक गंमत पाहा. ह्या संपूर्ण तीस एकरांत कोणाचीहि पाठ वांकलेली दिसत नाहीं. खुरपें नाहीं, घाम नाहीं, वाळलेलें झाड नाहीं. कामकऱ्यांचा उल्लेख येतो तो अगदीं शेवटीं. तोहि मोठे राजेरजवाडे त्यांच्या सल्ल्यानें पुष्कळ खर्च करून बागा कशा उभारतात हें सांगण्यापुरता. मग बेकन म्हणतो कीं पुतळे वगैरे गोष्टींनीं डामडौल वाढतो, बागेच्या खऱ्या सुखांत भर पडत नाहीं. मत अगदीं रास्त आहे. परंतु खरें सुख कशांत नाहीं हें सांगून निबंध संपतो. तें कशांत आहे हें मात्र नाकाडोळ्यांच्या सुखापलीकडे जाऊन तो सांगत नाहीं. वर्गांत हा शेवट आम्ही नेहमीं मोठ्या थाटानें वाचून दाखवीत असूं. त्यांत कांहीं सांगावयाचें राहून गेलें आहे हें आम्हांला किंवा आमच्या विद्यार्थ्यांना कधीं जाणवलें नाहीं, कारण आम्ही सर्वच पाहणाऱ्यांच्या पक्षाचे होतों.

बेकन मिटून आम्हीं शाकुंतल उघडलें. हें नाटक महाराष्ट्राला नवीन नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं तें मराठी रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून शकुंतला आमच्या घरोघरची झाली. तिच्या पहिल्या अंकाचा प्रारंभ बागकामानें होतो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तिचा अर्थ मात्र पुरता ध्यानांत घेतला जात नाहीं. मुली झाडांना पाणी घालीत आहेत आणि राजा झाडांआडून त्यांस पाहत आहे. एकच आश्रम, एकच वेळ, पण त्या झाडांशीं असलेलीं नातीं दोन. दुष्यंताला पहिली गोष्ट सुचते ती अशी कीं रानांतल्या वेलींनीं राजवाड्यांतल्या वेलींस मागें टाकलें! म्हणजे वेल ही त्याच्या दृष्टीनें सुंदर स्त्रीची उपमा. इतक्या नाजूक मुलीला असले कष्ट करावयास लावणारे कण्व त्याला अविचारी वाटतात. कमळाच्या पाकळीच्या धारेनें शमीचें झाड तोडूं पाहण्यासारखें तें आहे असें तो म्हणतो. रसिकाला शोभेल असाच हा कळवळा आहे. पण त्याच्या अलीकडेच काय संभाषण झालें आहे? तात कण्वांस तुझ्याहून हीं झाडेंच अधिक प्रिय दिसतात, असें अनसूया थट्टेनें म्हणते. त्यावर शकुंतला सांगते कीं ही नुसती वडिलांची आज्ञा नव्हे, मलाहि ह्यांच्याविषयीं सख्ख्या भावंडांसारखी माया आहे. राजाला जेथें कष्ट दिसतात तेथें तिला नातें दिसतें. राजाजवळ वेलीसाठीं उपमा आहे. तिच्याजवळ वेलीसाठीं नांव आहे. आंब्याला बिलगलेल्या त्या नवमालिकेला तिनें वनज्योत्स्ना म्हणून हांक मारलेली आहे.

चवथा अंक ह्या दृष्टीनें वाचला म्हणजे त्याचें कारुण्य अधिक खोल वाटूं लागतें. झाडांना पाजल्याशिवाय जी स्वतः पाणी पीत नसे, नटण्याची हौस असूनहि जी त्यांचें पान तोडीत नसे, पहिलें फूल आलें कीं जिला सण वाटे, ती आज जात आहे, असें कण्व वृक्षांना सांगतात. आनंदाचा हा क्रम वाचकांनीं लक्षांत घ्यावा. आधीं पाणी, मग संयम, आणि सर्वांत शेवटीं फूल. पहिल्या फुलाचा सण तिचा होतो, कारण त्याच्या आधींचे सारे साधे दिवसहि तिचेच होते. जातांना ती वनज्योत्स्नेला बहीण म्हणून मिठी मारते आणि तिला सखींच्या स्वाधीन करते. मेघदूतांतील यक्षपत्नीनेंहि अंगणांतला बालमंदार मानलेल्या मुलाप्रमाणें वाढविला आहे, आणि त्याचे घोंस हाताला येतील असे खालीं वांकले आहेत. घराची खूण म्हणून मेघाला काय काय सांगावें हें ठरवितांना यक्षाला हें झाड आठवतें, ह्यांत आम्हांस कवीची मोठी जाण दिसते. दुष्यंताचें काय होतें तें सहाव्या अंकांत आहे. त्याच्या प्रमदवनांत वसंत आला आहे, राखणीस दासी आहेत. पण तो उत्सव बंद करतो आणि लतामंडपांत बसून शकुंतलेचें चित्र पुरें करूं पाहतो. मालिनी नदी काढावयाची राहिली, आश्रमांतलें झाड राहिलें, हरणें राहिलीं, असें तो एकेक आठवतो. जें समोर असतांना केवळ पाहिलें, तें गेल्यावर रंगांनीं परत आणण्याची ही धडपड! पूर्वीं आम्ही ह्या प्रसंगाला विप्रलंभ शृंगाराचें उदाहरण म्हणत असूं. आतां त्यांत आम्हांला आमचाच चेहरा ओळखूं येतो. त्याचें कारण पुढें सांगूं.

तिसरें पुस्तक अगदीं निराळ्या मुलखांतलें आहे. प्राग शहरचा चेक लेखक कारेल चापेक आपल्याकडे ठाऊक आहे तो बहुधा ‘रोबॉट’ ह्या शब्दामुळें. त्याच्या १९२० सालच्या नाटकानें हा शब्द जगाला दिला. तो सुचविला मात्र त्याचा भाऊ योसेफ ह्यानें. मनुष्याचे कष्ट यंत्रावर सोंपवावे हें स्वप्न रंगवून त्याचा भयंकर शेवट दाखविणाऱ्या ह्याच लेखकानें १९२९ सालीं ‘माळ्याचें वर्ष’ ह्या अर्थाच्या नांवाचें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. चित्रें अर्थात् योसेफचीं. महिन्यामागून महिना घेऊन हौशी बागवानाची फजिती वर्णन करणारें हें पुस्तक आहे. रबरी नळी हातांतून निसटून घरभर पाणी उडविते. पाठ इतकी दुखते कीं आपले पाय किड्यासारखे दुमडतां आले असते तर बरें झालें असतें असें माणसास वाटतें. जागा नसतांना रोपें विकत आणलीं जातात आणि मग हातांत कुंडी घेऊन माळी बागभर फिरतो. हें सर्व विनोदाचें आहे, पण विनोदाच्या तळाशीं एक पक्की जाणीव आहे : बागेवर प्रेम करणारा मनुष्य फुलापेक्षां मातीकडे अधिक पाहतो. असा माळी नंदनवनांत शिरला तर तेथील फळाला भुलणार नाहीं, तेथली काळी माती गाडीभर पळवितां येईल काय हें पाहील, अशी कल्पना चापेकनें केली आहे. आणि पानगळ ज्याला आपण मरण समजतों त्या नोव्हेंबरांतच पुढच्या वर्षाचे डोळे फांद्यांवर तयार असतात, हें तो दाखवून देतो. बागवान भविष्यांत जगतो, हें त्याचें तात्पर्य.

आमच्या मतें बागेच्या सुखाविषयीं युरोपांतील गद्यांत ह्याहून खरें पुस्तक क्वचितच सांपडेल. तरी त्याचीहि एक मर्यादा आहे. चापेकचा माळी हौशी पुरुष आहे. त्याच्या बागेंत फुलांना आणि खडकांत लावावयाच्या चिमुकल्या रोपांना मान आहे; तेथून स्वयंपाकघराकडे वाट जात नाहीं. आमचे परस हें मुळांत स्वयंपाकघराचेंच दुसरें दार.

येथें आपल्या भाषेकडे वळणें भाग आहे. ‘परसबाग’ हा शब्दच पाहा. परस म्हणजे घराची मागची बाजू. इंग्रजांची घरगुती बाग रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसावी म्हणून घरापुढेंहि सजते. आपली बाग मोरीच्या पाण्यावर, घराच्या पाठीशीं, कोणाच्या दृष्टीस न पडतां वाढते. तेथें अळू असतें तें मोरीच्या कडेला, कारण वापरलेलें पाणी आपोआप तेथें जातें. कढीलिंबाला ताकाच्या भांड्याचें धुवण, दुधी भोपळ्याच्या वेलाला तांदुळाचें धुवण, राखुंडी कारल्याच्या बुडाशीं, असा सगळा व्यवहार ठरलेला असतो. पुढच्या बाजूस तुळशीवृंदावन, मागें जास्वंद आणि मोगरा. देवाला फूल, ताटाला चटणी, आजाऱ्याला काढा, एवढें सर्व अर्ध्या गुंठ्यांतून निघतें. आणि हें सारें चालविणारा हात बहुधा बाईचा असतो.

ह्या हाताची नोंद आपल्या वाङ्मयानें कितीशी घेतली? सोलापूर जिल्ह्यांतील अरणच्या सावता माळ्यानें तेराव्या शतकांत आपल्या भाजीच्या मळ्यांतच विठ्ठल पाहिला, आणि काम सोडून देव शोधावयास जाण्याची गरज नाहीं हें सांगितलें. मराठींत ह्या विषयावरचा हा पहिला आणि कदाचित् सर्वांत मोठा उद्गार. पण सावतोबांचा मळा हा त्यांच्या उपजीविकेचा होता. बायकांनीं जात्यावर गायिलेल्या ओव्यांत तुळस आणि फुलझाडें पुष्कळ आहेत. त्या ओव्या गोळा करण्याचें श्रेय साने गुरुजींकडेहि जातें. त्यांच्याच १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मध्यें ‘मुकी फुलें’ हें प्रकरण आहे. कळ्या अवेळीं खुडण्यांत काय चुकतें हें तेथें आई मुलाला समजावून देते. शकुंतलेनें पान तोडलें नाहीं तें ज्या मायेनें, तीच माया येथें कोंकणांतल्या एका गरीब घरांत बोलते. असे मोजके प्रसंग सोडले तर आमचें गद्य परसाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतें. आमचे ललितनिबंधकार प्राजक्ताचा सडा पाहतात. तो सडा कोणी वेंचला आणि झाडाखालचा केर कोणी काढला, हें विचारीत नाहींत. आम्ही हा दोष इतरांस देत आहों असें वाचकांनीं समजूं नये. सर्वांत मोठे दोषी आम्हीच आहों.

मातोश्री शेवटचे दोन महिने अंथरुणाला खिळून होत्या. फाल्गुन सरून चैत्र लागला होता. रोज संध्याकाळीं त्या विचारीत, “मोगऱ्याला पाणी घातलंस का रे?” आणि आम्ही पुस्तकांतून मान वर न करतां “घातलं, आई” असें सांगत असूं. घातलेलें नसे. आमच्या सौभाग्यवती रुग्णशुश्रूषेंत गुंतलेल्या. हें एकच काम आमच्याकडे सोंपविलें होतें. वैशाखांत आई गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही परसांत गेलों तेव्हां मोगरा वाळून कोळ झाला होता. अळू मात्र हिरवेंगार होतें, कारण त्याला मोरीचें पाणी मिळत होतें. ज्याची व्यवस्था आईंनीं आमच्यावर अवलंबून ठेवली नव्हती तेवढेंच जगलें होतें. त्या दिवशीं दुष्यंताचा सहावा अंक आम्हांस कळला. फळ्यावर त्याचें विवेचन आम्हीं कितीदां तरी केलें होतें.

आषाढांत शेजारून मोगऱ्याची फांदी आणून आम्हीं त्याच जागीं लावली. पहिला उन्हाळा नुसत्या पानांवर गेला. माघांत झाड छाटावें लागतें असें शेजारच्या आजींनीं सांगितलें; दीड वर्ष जपलेल्या फांद्यांवर कात्री चालवितांना हात अडखळला. दुसऱ्या चैत्रांत पहिली कळी आली. ती पाहून आम्हांला जें वाटलें त्याला फुलाचा आनंद म्हणतां येणार नाहीं, कारण बाजारांत त्याहून टपोरे मोगरे टोपल्यांनीं मिळतात. ती कळी आमची मिळकत आहे असेंहि वाटलें नाहीं. इतक्या दिवसांच्या “घातलं, आई” ह्या उत्तरांतलें एक तरी उत्तर आतां खरें झालें, असें कांहींसें वाटलें. कळी आम्हीं खुडली नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. श्रम म्हणजेच आनंद असें असतें तर दुसऱ्याच्या बागेंत मजुरीनें पाणी घालणारा माळी जगांतला सर्वांत सुखी मनुष्य ठरला असता. पगारदार पाठीचें दुखणें पाहून आनंदाचे निबंध लिहिणें हा बेकनच्याहून मोठा अपराध होईल. आमचें म्हणणें तसें नाहीं. कण्वांच्या आज्ञेनें पाणी घालणें आणि मायेनें घालणें ह्यांतला भेद शकुंतलेनेंच सांगून ठेवला आहे. श्रम, ममत्व आणि वाट पाहण्याची तयारी हीं तिन्ही एकत्र येतात तेव्हांच बागेंतला वेळ सुखाचा होतो; आणि घरची बाग ही हीं तिन्ही सहज एकत्र आणणारी जागा आहे. पाहण्यानेंहि सुख मिळतें, पण तें पाहुण्याचें सुख. शिवाय आमच्या मातोश्रींच्या बाबतींत हें सुख किती आणि निरुपाय किती, हें आम्हीं त्यांना कधीं विचारलें नाहीं. तेव्हां त्यांच्या वतीनें उत्तर देण्याचा अधिकारहि आम्हांस नाहीं. त्यांनींच तें लिहिलें असतें तर मराठीला एक खरें पुस्तक मिळालें असतें.

आज शहरांत परसें उरलीं नाहींत. मजल्यावर मजले चढले, आणि पुष्कळ घरांची बाग सज्जांतल्या चार कुंड्यांवर आली आहे. पण ज्या घरांत कोणी मोरीवरचें पाणी कुंडीसाठीं राखून ठेवतें, त्या घरांत परस अजून शिल्लक आहे असें आम्ही मानतों. अशा घरांतील लेखणी धरणाऱ्यांस आमची एक विनंती आहे. फुलांवर पुष्कळ लिहून झालें. आतां कोणी तरी आळें कसें करावें, राख कोठें टाकावी, वाळलेल्या झाडाकडे पाहतांना काय वाटतें, आणि संध्याकाळीं पाणी घालून परततांना घरांत कोणाचा आवाज येतो, हें लिहावें. आणि घरांत जो हात हें करीत असेल त्याला आधीं विचारून लिहावें.

येत्या सत्रांत बेकनचा निबंध आम्ही पुन्हां शिकविणार आहों. तो सोडण्यासारखा नाहीं. मात्र शेवटच्या वाक्यानंतर विद्यार्थ्यांना एक प्रश्न घालावयाचा आम्हीं ठरविलें आहे : तुमच्या घरीं झाडांना पाणी कोण घालतें?